अहवालातलं 'योग्य' आणि बाळाचं पाणी

वाचकाचं पत्र:

"आमच्या वाडीत (तालुका देवगड) एक जुनी विहीर आहे आणि नळयोजनेची एक बोअर. दोन्हींचा तपासणी अहवाल हाती आलाय. बोअर : सामू (पीएच) ६.१, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९६, लोह १.८, मँगनीज ०.२४, नायट्रेट ६. विहीर : सामू ५.८, टीडीएस ११०, लोह ०.१, मँगनीज ०.०३, नायट्रेट ३४. दोन्हीकडे फ्लोराइड ०.२ आणि शिशासमोर 'बीडीएल'. बोअरच्या लोहावर 'अयोग्य' असा शेरा, मँगनीजवर मात्र 'योग्य'. मर्यादांचे रकाने दोन, त्यातला कुठला धरायचा ते कुणी सांगत नाही. त्यात आरओ विकणारा टीडीएस मीटर घेऊन दारोदार फिरतोय. पुढच्या ग्रामसभेत वाडीपुरती आपली मर्यादा ठरवून घ्यावी असं पाणी समितीत बोलणं झालंय. आमी खयचो आकडो खरो मानूचो? घरात तीन महिन्यांचं नातवंड डब्याच्या दुधावर आहे, म्हणून जास्त काळजी."
– पाणी समितीची एक सदस्य

ताई, आधी बाळाचं. डब्याचं दूध कालवायला बोअरचं पाणी आजच बंद करा, विहिरीचं घ्या. घाबरून जायचं कारण नाही. ०.२४ मँगनीज हे एका दिवसात बाधणारं विष नव्हे आणि घरातल्या मोठ्यांना त्याची फिकीर नको. पण बाळाच्या पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना अहवाल दाखवा. विहिरीचं पाणी कसं उकळायचं तेही महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच.

तुमच्या अहवालात शेरे उलटे पडलेत. लोहावर 'अयोग्य' लिहिलंय, ते तब्येतीच्या दृष्टीने किरकोळ आहे. मँगनीजवर 'योग्य' लिहिलंय, ते तुमच्या घरातल्या सगळ्यात लहान माणसासाठी योग्य नाही. प्रयोगशाळेने चूक केलेली नाही. तिने भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) उघडलं, आकडा रकान्याशी ताडला आणि शेरा दिला. त्या मानकात पहिला रकाना 'स्वीकार्य मर्यादा' आणि दुसरा 'अनुज्ञेय मर्यादा' असा आहे. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर एक अट असते, जी अहवालाच्या छापील नमुन्यात बहुतेक वेळा गळते : पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच. मँगनीजसाठी पहिला आकडा ०.१, दुसरा ०.३ (इथून पुढचे असे सगळे आकडे लिटरमागे मिलीग्रॅममध्ये). तुमचं ०.२४ दुसऱ्यात बसलं म्हणून 'योग्य'. पण तुमच्याकडे विहीर आहे, तिचं मँगनीज ०.०३ आहे. म्हणजे दुसऱ्या रकान्याचा आसरा घ्यायचा हक्कच तुमच्या वाडीला नाही!

आता हे आकडे येतात कुठून, ते एकदा स्वतः कागदावर मांडून बघा. ग्रामसभेत कुणी 'हे ०.०८ कुठनं काढलंत' विचारलं तर उत्तर हाताशी हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मँगनीजसाठी ०.०८ हा तात्पुरता मार्गदर्शक आकडा काढला. सुरुवात झाली उंदरांच्या पिल्लांपासून. वजनाच्या दर किलोमागे रोज २५ मिलीग्रॅम मँगनीज दिल्यावर त्यांच्या वागण्यात फरक दिसला. त्याला हजाराने भागलं. उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसातल्या फरकासाठी दहा, आणि काहीच परिणाम न दिसणारी मात्रा त्या प्रयोगात सापडली नव्हती म्हणून आणखी दहा. उरले किलोमागे ०.०२५ मिलीग्रॅम. बाळ पाच किलोचं धरलं, म्हणजे दिवसाला ०.१२५. यातला निम्मा वाटा पाण्याला दिला, कारण बाकीचं मँगनीज दुधाच्या पावडरीतून जातंच. राहिले ०.०६२५. असं बाळ दिवसाला पाऊण लिटर पाणी पितं, तेव्हा पाऊण लिटरने भागा : ०.०८३. गोळाबेरीज ०.०८.

तुमच्या बोअरचं पाऊण लिटर पाणी बाळाला ०.१८ मिलीग्रॅम देतं. पाण्याच्या वाट्याच्या जवळजवळ तिप्पट. लहान बाळाचं शरीर मँगनीज जास्त शोषतं आणि पित्तावाटे कमी टाकतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळा हिशोब लागतो. आईच्या दुधात ते फारच कमी असतं.

याच संघटनेचा आधीचा आकडा ०.४ होता. त्यात ६० किलोचा मोठा माणूस, दोन लिटर पाणी आणि पाण्याला वीस टक्के वाटा असा हिशोब होता. म्हणजे पिणारा कोण आणि सुरुवातीची मात्रा कोणती धरली यावर आकडा पाचपट हलला. कोणतीही मर्यादा समोर आली की पहिला प्रश्न हाच विचारा : हा आकडा ठरवताना भांडं कुणाच्या तोंडाला लावलं होतं?

आणि किती पाणी धरलं होतं? दोन लिटरचा हिशोब आपल्या मे महिन्याला लागू पडत नाही. होडीवर किंवा आंबा उतरवायला जाणारा गडी दिवसात चार लिटर सहज पितो. फ्लोराइडचा जागतिक आकडा १.५ आहे. चार लिटरवाल्याच्या पोटात त्यातून सहा मिलीग्रॅम जातं, म्हणजे दोन लिटर पिणाऱ्याने ३.० फ्लोराइडचं पाणी प्यावं तेवढं. वर कोरा चहा, त्यातही फ्लोराइड असतं. आपल्या मानकातला पहिला रकाना १.० आहे, तोच धरावा. तुमचं ०.२ आहे, हा विषय तुमच्यापुरता संपला.

लोहाचं बघा. बोअरमधलं १.८ हे मर्यादेपेक्षा जास्तच आहे. मानकात आधी ०.३ होतं, २०१५ च्या दुरुस्तीने ते १.० झालं, आणि सूट नाही. पण हा आकडा चवीचा, डागांचा आणि पाइपात साचणाऱ्या गाळाचा. आरोग्याच्या अंगाने हिशोब केला तर साधारण २ पर्यंत लोहाने अपाय होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पांढरी बनियन पिवळी पडेल, भाताला रंग येईल, चहा काळपट होईल. त्रास खरा आहे आणि बायकांच्याच वाट्याला येतो, तो हसण्यावारी नेऊ नका. फक्त पैसे थोडे असतील तेव्हा आधी कशावर घालायचे, एवढाच प्रश्न आहे.

लोह-मँगनीज बोअरमध्येच का, विहिरीत का नाही? जांभ्यात दोन्ही भरपूर असतात. खोल पाण्यात प्राणवायू नसतो, म्हणून ती विरघळलेली राहतात. विहिरीला वारा लागतो, तिथे ती गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणूनच बोअरचं पाणी कळशीत पडताना काचेसारखं असतं आणि सकाळी तळाला तांबूस चिखल दिसतो.

विहिरीची गोष्ट वेगळी. ३४ नायट्रेट जांभ्यातून आलेलं नाही. शौचालयाचा शोषखड्डा, गोठा, माडाच्या आळ्यातलं खत, यांपैकी कुठून तरी ते येतंय. १५ मीटर अंतर ठेवलं की झालं असं सांगितलं जातं, पण भेगाळलेल्या कातळात पाणी मीटर मोजत बसत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५, तिथेही सूट नाही. हा आकडा थेट माणसांवरून, वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांवरून आला आहे. त्यामुळे त्यात उंदरामागचे दहा नाहीत की हजार नाहीत. मर्यादा आणि धोका यांच्यात ऐसपैस जागा नाही, एवढं ध्यानात ठेवा. बाळाचे ओठ किंवा नखं निळसर, करडी दिसली तर तडक दवाखाना गाठायचा.

आता उकळण्याचं. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. दोन लिटर पाणी दीड लिटर होईपर्यंत आटवलंत तर ३४ चे ४५ होतात! आपल्याकडे बाळाचं पाणी चांगलं आटवून द्यायची सवय आहे, ती इथे नडते. पातेल्यावर झाकण ठेवा, खळखळून उकळी आली की एक मिनिट मोजा आणि गॅस बंद करा. अर्ध्या तासाच्या आत, पाणी ७० अंशांखाली जायच्या आधी, त्यात पावडर कालवा आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. पावडरीतले जंतू मरायला तेवढी उष्णता लागते. विहिरीची एचटूएस बाटलीची चाचणीही (पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का ते दाखवणारी) याच आठवड्यात करून घ्या. बाटली काळी पडली तर आधी विहिरीचं शुद्धीकरण, कारण पोट बिघडलेल्या बाळाला नायट्रेट जास्त बाधतं. पहिल्या पावसानंतर नायट्रेट पुन्हा तपासा. ४० च्या वर गेलं तर बाळासाठी तिसरा स्रोत शोधा, शेजारच्या वाडीतली विहीर किंवा झरा, अर्थात तपासून.

आता ग्रामसभेचं. लक्ष्य वेगळं आणि मर्यादा वेगळी, हे सभेला आधी पटवावं लागेल. अमेरिकेत हे दोन आकडे उघडउघड वेगळे लिहितात. एक आरोग्याचं लक्ष्य, ज्यात खर्च आणि तंत्र बघत नाहीत. दुसरी कायद्याची मर्यादा, ज्यात दोन्ही बघतात. शिशाचं त्यांचं लक्ष्य शून्य आहे. आर्सेनिकचंही शून्य, पण कायद्याची मर्यादा ०.०१. कॅलिफोर्निया राज्याने २००४ साली आर्सेनिकचं लक्ष्य ०.०००००४ ठेवलं. जन्मभर पाणी पिणाऱ्या दहा लाखांत एकाला जादा कर्करोग, या धोक्यावरून काढलेला हा आकडा मर्यादेच्या अडीच हजार पट खाली आहे. तिथलं प्रत्येक पाणी विषारी आहे असा याचा अर्थ नाही. आपण कुठे उभे आहोत आणि कुठे जायचंय, हे दोन्ही लोकांसमोर मांडलेलं असतं, एवढंच. आपले दोन रकाने वरवर तसेच दिसतात, पण तसे नाहीत. पहिला रकाना म्हणजे आपली नेहमीची मर्यादा आणि दुसरा म्हणजे नाइलाजाची. लक्ष्याचा तिसरा रकाना छापलेला नाही, तो तुम्हाला लिहायचाय.

शिशाबद्दल जरा थांबू. आपली मर्यादा ०.०१ आहे, जागतिक मार्गदर्शक आकडाही तोच. पण हा हिशोबातून आलेला 'सुरक्षित' आकडा नव्हे. शिशाची अपाय न करणारी अशी मात्राच सापडत नाही, म्हणून २०१० मध्ये तज्ज्ञ समितीने जुनी सहनमात्रा मागे घेतली. ०.०१ राहिला तो साध्य होण्याजोगा आहे म्हणून. तुमच्याकडे हा प्रश्न येतो तो सामूमुळे. ५.८ आणि ६.१ ही आंबट पाणी, त्यात क्षारही जेमतेम. असं पाणी धातू खातं. पितळी तोटी, जुना कॉक, सांध्याचं डाख, यांतून रात्रभरात शिसं आणि तांबं सुटतं. म्हणजे बोअरच्या तोंडाशी शिसं नसेल आणि घरातल्या नळाला असेल. सकाळी पहिला तांब्याभर पाणी झाडाला घाला. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या हंड्यात हे पाणी रात्रभर ठेवून प्यायची प्रथा असेल तर तीही थांबवा.

मग 'बीडीएल' म्हणजे काय? यंत्राला दिसलं नाही, एवढंच. शून्य नव्हे. प्रयोगशाळेला विचारा, तुमच्या यंत्राला किमान किती शिसं दिसतं? उत्तर ०.०५ असेल तर मर्यादेच्या चौपट शिसं पाण्यात असूनही अहवाल 'बीडीएल'च म्हणेल. ०.००५ किंवा त्याहून कमी असेल तरच त्या शेऱ्याला किंमत. एककही बघून घ्या. काही अहवालांत नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' लिहितात. तिथला १० म्हणजे आपला ४४.

आरओवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तुमचा टीडीएस आधीच ९६. तो मीटर मीठ-क्षारांची बेरीज दाखवतो, तीही पूर्ण आकड्यांत. शिशाची मर्यादा एका मिलीग्रॅमचा शंभरावा भाग आहे, ती त्याला दिसणारच नाही. घरगुती आरओ निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतो, आणि गाळलेलं पाणी आणखी मऊ, आणखी धातू खाणारं. किनाऱ्यालगतच्या विहिरीत मे महिन्यात खारं पाणी शिरून क्लोराइड हजाराच्या पुढे गेलं, तर तिथे आरओ विचारात घ्यायला हरकत नाही. तुमचं तसं नाही.

बोअरला लोह काढायचा प्लांट बसवायचं कुणी सुचवेल. इथे एक फसगत हमखास होते. पाण्याला हवा लावून वाळूतून गाळलं की लोह बऱ्यापैकी जातं, पाणी नितळ दिसतं, सगळे खूश. मँगनीज मात्र जसंच्या तसं. नुसत्या हवेने मँगनीजचा गाळ व्हायला सामू ९ च्या पुढे लागतो, तुमचा ६.१ आहे. त्यासाठी आधी चुनखडीच्या थरातून किंवा चुन्याच्या निवळीने सामू साडेसातच्या आसपास आणायचा, मग क्लोरीन देऊन मँगनीज डायऑक्साइडचं अस्तर असलेल्या वाळूतून गाळायचं. दरपत्रक मागवताना 'गाळलेल्या पाण्यात मँगनीज ०.०८ पेक्षा कमी' ही ओळ लिहून घ्या आणि पैशाचा शेवटचा हप्ता त्या अहवालावर ठेवा. सामू वर आला की पितळाचा प्रश्नही त्याच खर्चात निवळतो.

जलसुरक्षकाला एक सांगा. बोअरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातली तरी शेवटच्या नळाला क्लोरीन मिळत नाही, अशी तक्रार असेल तर त्याचा कामचुकारपणा धरू नका. १.८ लोह लिटरमागे साधारण १.१५ मिलीग्रॅम क्लोरीन खातं. हजार लिटरला नेहमीची ५ ग्रॅम पावडर घातली, ती ताजी ३३ टक्क्यांची असली, तरी त्यातली साडेतीन ग्रॅम लोहातच जाते. पावडर ओलसर, जुनी असेल तर काहीच उरत नाही. डोस तेवढ्याने वाढवा आणि शेवटच्या नळाला ०.२ मिळतंय का ते रोज बघा. रसायनांच्या चर्चेत जंतू मागे पडू देऊ नका, आजारी पाडण्यात ते कायम पुढे असतात.

ठरावात आम्ही असं लिहिलं असतं : मँगनीज लक्ष्य ०.०८, आणि ०.१ च्या वर गेल्यास तान्ह्यांच्या घरी निरोप. नायट्रेट मर्यादा ४५, पण २० च्या वर गेलं की शोषखड्डा-गोठा पाहणी. म्हणजे विहिरीची पाहणी आत्ताच लागू. शिसं लक्ष्य शून्य, तपासणी घरातल्या नळावर. फ्लोराइड १.०. लोह १.०, खर्चाच्या क्रमात मँगनीजच्या मागे. सामू ६.५ च्या वर, पाइपांसाठी. टीडीएसला वेगळं लक्ष्य नको. आर्सेनिकची एकदा तपासणी करून घ्या, ०.०१ च्या खाली आलं की दरवर्षीची गरज नाही. लोटे, महाड यांसारख्या रासायनिक वसाहतींच्या उताराला असलेल्या गावांनी मात्र धातूंची यादी लांब ठेवावी.

कीटकनाशकांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हापूसच्या बागा वरच्या अंगाला असतील तर प्रश्न येणारच. आयएस १०५०० च्या यादीत डीडीटी, एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस अशी नावं आहेत. आज तुडतुड्यांवर फवारतात ती बरीच औषधं त्यात नाहीत, आणि मोहोरासाठी बुंध्याशी ओततात ते पॅक्लोब्युट्राझोलही नाही. 'कीटकनाशके : योग्य' हा शेरा त्यांच्याबद्दल मुका आहे. बागायतदारांकडून डब्यांवरची नावं लिहून घ्या आणि प्रयोगशाळेला ती नावं घेऊन विचारा. हे महाग काम आहे, एकदम नका करू. फवारणीचे पंप विहिरीच्या काठावर धुणं मात्र आजपासून बंद होऊ शकतं, त्याला एक पैसा लागत नाही.

पुन्हा नमुना घ्याल तेव्हा धातूंसाठी वेगळी प्लास्टिकची बाटली मागा, तिच्यात प्रयोगशाळेने आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं. ती विसळायची नाही, तोंडावरून वाहू द्यायची नाही. आम्ल नसेल तर लोह-मँगनीज बाटलीला आतून चिकटतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. बोअर दहा मिनिटं चालवून मग नमुना घ्या. शिशासाठी उलट : रात्रभर न उघडलेल्या नळाचं सकाळचं पहिलंच पाणी. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून दोन दिवसांच्या आत पोचवा. बाटल्यांवर तारीख, वेळ आणि स्रोत आधीच पेन्सिलीने लिहा, ओल्या हाताने पेनची शाई पसरते.